दाराबाहेरची हजेरी

रविवारी सकाळी साडेअकराच्या सुमाराला फोन आला, तेव्हा मी मागच्या अंगणात बांबूंवर वाळत घातलेले बोंबील उलटेपालटे करत होते आणि भलत्याच रागात होते. नंबर अनोळखी. असे फोन मी घेत नाही. हल्ली कोण कुठून काय काढून घेईल सांगता येत नाही. दुसऱ्यांदा वाजला तेव्हा घेतला. पलीकडे एक मुलगी. "मावशी, मी रंजना, वाणगावहून. मॅडमचं नेट गेलं का? मॅडम दिसतात, पण हलत नायत... आमी लय वेळ थांबलोय." त्यावर मी काय विचारावं? "माझा नंबर तुला कोणी दिला?" मॅडमनीच दिला होता, नेट गेलं तर कळवायला. मग मी आत गेले. शैलावहिनी खुर्चीत मागे टेकून बसली होती, चष्मा डोळ्यांवर, कानात इअरफोन. समोर लॅपटॉपवर दहा-बारा पोरं गप्प बसून तिच्याकडे बघत होती. त्यांना वाटत होतं, चित्र अडकलंय.

शैलावहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको. वाणगावच्या शेतकरी घरातली. लग्न होऊन सातपाटीत आमच्या होडीवाल्यांच्या घरात आली तेव्हा तिला पापलेट आणि हलवा यांतला फरक कळत नव्हता. आयुष्यभर बोईसरच्या एका शाळेत इतिहास आणि नागरिकशास्त्र शिकवलं. मी नवरा गेल्यावर माहेरी परत आलेली नणंद, गावातल्या मच्छीमार सोसायटीत कारकून. तिथे एकच विद्या शिकले: समोरचा सांगेल त्यातलं निम्मं धरायचं, आणि त्या निम्म्याचीही खात्री करून घ्यायची. वहिनी म्हणायची, "मालू, तुझ्यापुढं देव उभा राहिला तरी तू त्याचं आधार कार्ड मागशील." मागेनच. त्यात काय चुकलं?

तर निवृत्तीनंतर दर रविवारी अकरा वाजता वहिनी खोलीचं दार लावून घ्यायला लागली. नववी-दहावीच्या मुलांची ऑनलाइन कार्यशाळा, म्हणाली. विषय काय? तर युरोपातला कारभार. सत्तावीस देश एकत्र बसून कायदे कसे करतात, त्यांची संसद कशी, मंत्र्यांची परिषद कशी, कोण कोणाला अडवू शकतं. मी म्हटलं, इथं ग्रामसभेला माणसं जमत नाहीत आणि ही सातपाटी-मुरब्याच्या पोरांना युरोप शिकवणार. यात काहीतरी आहे. कोणीतरी हिला वापरून घेतंय. पोरांची नावं, गावं, बापाचा धंदा, सगळं त्या लॅपटॉपात जाणार आणि तिथून कुठे जाईल ते हिलाही कळायचं नाही. आमच्या किनाऱ्यावर आजवर जो जो गोड बोलत आला, त्यानं आधी माहितीच गोळा केली होती.

मी तिला तोंडावर विचारलं, "आपली पंचायत सोडून परक्यांची कशाला?" ती म्हणाली, "पंचायत शिकवायला घेतली की पोरं आधी बघतात खुर्चीत कोणाचा काका बसलाय. मग संध्याकाळी तो काका आपल्या दारात. युरोपात कोणाचाच काका बसत नाय, मालू. तिथं पोरं मोकळेपणी बोलतात." उत्तर चोख होतं. चोख उत्तराचा मला जास्त संशय येतो.

म्हणून मी दाराबाहेर बसायला लागले. हो, कान लावून. लाज कसली? घर माझ्याही बापाचं आहे. इअरफोनमुळे पोरांचं काही ऐकू यायचं नाही, एकट्या वहिनीचा आवाज यायचा. "नाय गं, समुद्र नसला तरी तुला मत हाय." मागून जेवताना कळलं, वाणगावच्या रंजनाला तिनं लक्झेंबर्गचं मंत्रिपद दिलं होतं आणि परिषदेत विषय होता मासेमारीचा. रंजना म्हणे, आमच्याकडं समुद्रच नाही तर मी बोलू काय? वहिनी भात कालवत म्हणाली, "तिला म्हटलं, मी पस्तीस वर्षं ह्या घरात लक्झेंबर्गच हाय. तरी बोलते का नाय?" दादा हसला. मला टोमणा वाटला. अजूनही थोडा वाटतो.

मग एका रविवारी वहिनीनं पोरांना घरून माहिती आणायला सांगितली. होड्या किती, एका फेरीला दिवस किती लागतात, आजोबांच्या वेळेपेक्षा कुठला मासा कमी झाला. झालं! मला हवा होता तो पुरावा मिळाला. मी त्याच संध्याकाळी ओळखीच्या घरांतून फिरले. काही खरं सांगू नका, म्हटलं, माहिती कुठे जाते ठाऊक नाही. तशी सांगायची गरजही नव्हती. आमच्यात होडी बंदराला लागली की किती गावलं असं कोणी उघड विचारत नाही, आणि विचारलंच तर टोपल्या भरलेल्या असल्या तरी माणूस म्हणतो, कालवणापुरतं. पुढल्या रविवारी सातपाटी-मुरब्याच्या झाडून सगळ्या पोरांनी तेच सांगितलं; वहिनी एकेक उत्तर मोठ्यानं परत म्हणत होती. कालवणापुरतं. होड्या? मोडक्या.

मी दाराबाहेर तयारीत बसले होते, आता ही चिडेल म्हणून. आतून हसण्याचा आवाज आला. वहिनी हसली की थांबायची नाही. मग म्हणाली, "शाब्बास. आता तुमी खरे मंत्री झालात. तिथंबी प्रत्येकजण हेच सांगतो, आमचे कोळी गरीब, आमाला जास्त धरू द्या. कोणाचाच कोणावर विश्वास नाय. आणि तरी सगळी एका टेबलाशी बसतात, उठून जात नायत. ते कसं जमतं तेवढंच शिकायचंय." मला एकदम वाटलं, हे पोरांना नाही, दाराला सांगितलं. जेवताना मी तिच्या तोंडाकडे निरखून बघितलं. तिनं मला बोंबलाचा मोठा तुकडा वाढला.

त्यानंतरच्या रविवारी दाराबाहेर प्लास्टिकची खुर्ची आली. "चपला घालायला," वहिनी म्हणाली. आमच्या घरात खुर्चीत बसून चपला कोण घालतो? मी दोन रविवार मुद्दाम जमिनीवर बसले. तिसऱ्या रविवारी गुडघ्यांनी ऐकलं नाही.

शेवटच्या रविवारी मी खुर्चीतच होते. वहिनी सांगत होती की काही गोष्टींना तिथं सगळ्यांचा होकार लागतो, एक चिमुकला देश नाही म्हणाला तरी काम अडतं. "मग मला सांगा," ती म्हणाली, "एकच जण नाय म्हणून बसला, तर बाकीच्यांनी काय करायचं?" आणि गप्प झाली... मी वाट बघितली. मिनिट, दोन मिनिटं. मला वाटलं, हिला माझी चाहूल लागली. माझ्यामुळे बोलायची थांबली. म्हणजे इतके दिवस असं काहीतरी होतं जे मी ऐकायचं नव्हतं! अंगाचा तिळपापड झाला. मी उठले, खुर्ची मुद्दाम आवाज करत सरकवली आणि बोंबलांकडे गेले. वीसेक मिनिटांनी रंजनाचा फोन आला.

डॉक्टर म्हणाले, तुम्ही लगेच दार उघडलं असतं तरी काही उपयोग झाला नसता. दादाही तेच म्हणतो. हे खरं कशावरून? डॉक्टरांना रोज घरच्यांची समजूत घालावी लागते, आणि दादा माझा भाऊ आहे. बाकी जगाचं मला माहीत नाही, पण या एका बाबतीत कोणीतरी मला ठाम, पुराव्यानिशी सांगावं असं फार वाटतं. मी बसले होते तिथून दार हातभर अंतरावर होतं.

रंजना बाराव्याला आली, आईला घेऊन. मी तिला विचारलं, त्या प्रश्नाचं पुढे काय झालं? ती म्हणाली, "मी उत्तर दिलं, मावशी. म्हटलं, थांबायचं. परत विचारायचं. मॅडम नेहमी अशा गप्प राहून बघतात ना, आमाला वाटलं, अजून कोणाचं तरी उत्तर पायजे त्यांना. म्हणून सगळी थांबलो." एकानंही बंद केलं नाही. मी तिच्या हातावर हात ठेवला आणि रडले. तोवर रडले नव्हते.

कार्यक्रम उरकल्यावर वहिनीची खोली आवरायला मीच गेले. टेबलाच्या खणात तिची हजेरीची वही होती, शाळेत असायची तशी उभ्या रेघांची. पोरं मधेच पळतात म्हणून ती हजेरी शेवटी घ्यायची. आत सगळ्यांची नावं, नावापुढे गाव: सातपाटी, मुरबे, वाणगाव, बोईसर. आणि सर्वांत खाली, तिच्या वळणदार अक्षरात, 'मालती, दाराबाहेर'. मी दाराबाहेर बसले त्या पहिल्या रविवारपासून माझ्यापुढे 'ह' लावलेला. एका ठिकाणी 'ताप'. खरंच मला तेव्हा ताप होता. एका ठिकाणी 'जमिनीवर बसली आहे'. हे चेष्टेनं लिहिलं की मायेनं, मी अजून ठरवू शकलेले नाही. रोज वही उघडून बघते. तीच असती तर मी उलटतपासणी घेतली असती आणि तिनं चोख उत्तर दिलं असतं.

शेवटच्या रविवारची तारीख तिनं वर घालून ठेवली होती, खालचा रकाना कोरा. परवा मी तिच्याच खुर्चीत बसून, तिच्याच पेनानं तो भरला. वीस मिनिटं थांबलेल्या प्रत्येक पोरापुढे 'ह' लावला, रंजनापुढे जरा ठळक. मग सर्वांत खालच्या माझ्या नावाशी आले. मी तिथं होते हे खरं, पण 'ह' लावून वहिनीच्या वहीत खोटं कसं लिहू... माझ्या नावापुढे मी लिहिलं, 'उठून गेली'.