तिसरा परदेशी

"मॅडम, तुमच्या टीमात तीन परदेशी हायत. नियमात दोनच बसतात."

रोह्याच्या संघाचे कोच फुटबॉलची मॅच सुरू होता होता माझ्यासमोर उभे राहिले.

मी पेणजवळच्या एका युनिव्हर्सिटीत फिजिकल डायरेक्टर आहे. साध्या भाषेत, पीटीची बाई. कोचनी घेतली त्या हरकतीला 'प्रोटेस्ट' म्हणतात. तो मान्य झाला की समोरचा संघ बाद. आमची ही सेमीफायनल होती.

क्वामे घानाचा, उस्मान सुदानचा. तिसरा यासीन, मुरुडकडचा सिद्दी. त्याचे पूर्वज कैक पिढ्यांपूर्वी आफ्रिकेतून कोकणात आले. तो स्वतः पनवेलच्या पुढे गेला नव्हता.

क्वामे कॅम्पसवर त्याला 'ब्रदर' म्हणायचा. यासीन वैतागायचा. "मॅडम, माझा भाऊ मुरुडला रिक्षा चालवतो. ह्यो कोण?" क्वामे आणि उस्मानचं तरी कुठे पटत होतं! मेसमधल्या टीव्हीवरून रोज भांडण.

स्पर्धेच्या सेक्रेटरींनी यासीनला बोलावलं. मोठ्याने, सावकाश विचारलं, "यू... विच... कंट्री?"

"मुरुड."

"मुरुड इज नॉट कंट्री."

"मंग मी काय करू?"

"मराठी शिकवलीय पोराला," कोच म्हणाले.

मी आधार कार्ड दाखवलं. "हल्ली काय बी बनवून मिळतंय," कोच म्हणाले.

सेक्रेटरींनी तोडगा काढला, "मॅडम, याला बसवा. ते दोघं खेळू देत."

"काय म्हणतात?" क्वामेने यासीनला इंग्रजीत विचारलं. यासीनने सांगितलं. क्वामे खाली बसला आणि बुटाच्या नाड्या सोडायला लागला. उस्मान त्याच्याकडे न बघता शेजारी बसला. त्यानेही बूट काढले.

आमचा गोलकीपर पेणजवळच्या गडब गावचा. "मंग मी एकटा उभा ऱ्हाऊन काय करू?" म्हणत तोही बसला. बघता बघता अकराच्या अकरा गवतात.

यासीनचा चेहरा बघण्यासारखा झाला. त्याने आईला फोन लावला, स्पीकरवर.

"माझा पोरगा परदेशी?" आई कडाडली. "कोण बोलला? कुठला रं तू?"

"रोह्याचा," कोच पुटपुटले.

"मंग परदेशी तू! आमी मुरुडचे!"

रोह्याचीच पोरं आधी हसली. प्रोटेस्ट फेटाळला गेला.

आम्ही दोन गोलांनी हरलो. क्वामे, उस्मान आणि यासीन, तिघं जोशात फक्त एकमेकांनाच पास देत होते. बाकीचे आठ धावून धावून दमले.

संघात एकी झाली की आनंद मानावा. पास मात्र सगळ्यांना द्यावा.