दारातल्या खिळ्यावरची जळकी वाइंडिंग

कारंज्याला मोटरपंपांची वाइंडिंग करणारा एक मिस्त्री आहे. नाव मी कधी विचारलं नाही. त्यानं नवी तार गुंडाळून भरलेली माझी मोटर आठवड्यातच जळाली, तेव्हा मी तणतणत गेलो. त्यानं ती उघडली आणि चष्मा कपाळावर सरकवला.

"व्होल्टेज कमी होतं, असं सांगता आलं असतं, भाऊ. पन चूक माहीच हाय."

काळी पडलेली तार त्यानं दारातल्या खिळ्याला अडकवली. तिथं आधीच्या चार होत्या.

"गिऱ्हाइकाले दिसते ना!" मी म्हणालो.

"दिसू द्या. भंगारात टाकली का मीच इसरून जातो."

मी गणिताचा मास्तर. आदल्याच दिवशी माझं फळ्यावरचं उत्तर चुकलं होतं. चूक दाखवणाऱ्या मुलीला मी दरडावून खाली बसवलं होतं, आणि फळा पुसून टाकला होता.