आंबेनळीतला उरलेला चढ

महाडच्या एसटी स्टँडवर उतरले तेव्हा महाड कुठेच दिसत नव्हतं. डिसेंबरची पहाट होती आणि सावित्रीवरून उठलेलं धुकं गावभर पसरलं होतं. एक पिवळा दिवा, चहाच्या स्टोव्हचा आवाज आणि ओल्या मातीचा वास, एवढंच गाव हाती लागत होतं. मी सामान मोजून घेतलं: कपड्यांची पिशवी, धावायचे बूट, क्रेप बँडेज, लिंबू-साखर-मिठाची डबी, टॉर्च. सगळं होतं. मग माझी मावसबहीण नलू, इथल्या शाळेतली शिक्षिका, धुक्यातून छत्री घेऊन आली. पाऊस नव्हता. "दव डोक्यावर पडतं," ती म्हणाली.

इथे येण्याचं कारण आधी सांगते. माझा धाकटा भाऊ शरद याला रक्ताचा कर्करोग आहे आणि तो मुंबईत इस्पितळात असतो. त्याच्यासारख्या रुग्णांच्या औषधपाण्यासाठी मदत गोळा करणारं एक मंडळ आहे. जानेवारीत मुंबईत लांब पल्ल्याची शर्यत आहे. तीत मंडळातर्फे आम्ही काही जण धावणार, आणि आमच्या नावाने ओळखीपाळखीची माणसं देणगी देणार. पन्नाशीला टेकलेल्या, कार्यालयात भांडार सांभाळणाऱ्या बाईने धावायचं म्हणजे सराव हवा. त्यासाठी मी रजा काढली.

पण महाडच का, तर शरदमुळे. औषधांच्या दोन फेऱ्या झाल्यावर तो म्हणाला, आता पुरे. तिसरी नको. डॉक्टरांनी समजावलं, मी समजावलं, तो भिंतीकडे बघत राहिला. एक दिवस मात्र माझे नवे बूट बघून हसला. "कॉलेजात असताना मी पोलादपूरहून आंबेनळी घाट सायकलने चढलो होतो. वाघजाईच्या देवळापर्यंत. तू तेवढा पायी चढून आलीस तर मी तिसऱ्या फेरीला तयार." हसत म्हणाला, पण मी ते हसण्यावारी नेलं नाही. त्याच्या तोंडून महिन्याभरात आलेली ती पहिली अट होती.

पहिले काही दिवस सपाटीवरचे. पहाटे नदीकडेने निघायचं, उन्हं वर आली की परतायचं. धुक्यात धावताना आपण पुढे जातो आहोत की रस्ता मागे सरकतो आहे, हे कळत नाही. एखादी म्हैस अचानक समोर उगवते आणि तितक्याच शांतपणे विरघळते. औद्योगिक वसाहतीकडे पाळीवर जाणाऱ्यांची बस जवळून गेली की खिडक्यांतून झोपाळू चेहरे तरंगत जात. एकाने बाहेर डोकं काढून विचारलं, "ताई, बस चुकली काय? बसा की!" आतले सगळे हसले, आणि ते हसू बस दिसेनाशी झाल्यावरही थोडा वेळ रस्त्यावर रेंगाळलं.

एका दुपारी नलूने मला सव गावाला नेलं. तिथे गरम पाण्याचे झरे आहेत. पोटऱ्या दुखत होत्या म्हणून कडेला बसून पाय आत सोडले. पाण्याला गंधकाचा वास, वर वाफ, पलीकडे नदीचं संथ पाणी. शेजारी एक आजोबा गुडघे शेकत बसले होते. त्यांनी माझ्या पायांकडे बघून हात जोडले. मला वाटलं, इथली रीत असेल. मीही जोडले.

नाते गावाच्या रस्त्यालाही तेच. बैलगाडीवाल्याने गाडी पार कडेला घेतली आणि कपाळाला हात लावला. एका घरासमोर बायकांनी पाण्याचा तांब्या आणि गुळाचा खडा धरला. "घे गो बाय. थांबू नको, चालता चालता घे." मला या भागातल्या माणसांचं फारच कौतुक वाटलं.

रात्री जेवताना नलूला हे सगळं सांगितलं. तांदळाची भाकरी आणि बिरडं (मोड आलेल्या वालांची उसळ) असा बेत होता. नलू तव्याकडेच बघत होती, तरी भाकरी करपली; माझ्याकडे ती बघेना.

"अगं, मी दूधवाल्याला सांगितलं तुझा नवस आहे म्हणून."

"कसला नवस?"

"घाट चढायचा. मग काय सांगू? शिक्षिकेची बहीण पँट घालून पहाटे रस्त्याने पळते, त्याचं काय ते सांगायला नको? शर्यत, मंडळ, देणगी, एवढं त्याला समजावत बसले असते तर दूध नासलं असतं."

तो दूधवाला वाड्यावाड्यांतून फिरतो. म्हणजे बातमी पोलादपूरपर्यंत पोचली असणार. मी चिडले, मग हसले. कुणाचं काय बिघडतं, असं तेव्हा वाटलं.

घाटाचा दिवस ठरला. नलूने दुपारच्या एसटीने डबा घेऊन देवळापाशी यायचं, आणि संध्याकाळी दोघींनी परतायचं. पोलादपूरला सकाळी बाजार नुकता मांडला जात होता. सुकटीचा वास, पावट्याचे ढीग, टोपल्या घेऊन बसलेल्या बायका. मी चहा घेतला, बुटांच्या नाड्या दुहेरी बांधल्या आणि निघाले.

कापडे गावाच्या पुढे रस्ता वर उचलला जातो. धुकं आता खाली राहिलं होतं, दरी दुधाने भरल्यासारखी दिसत होती. वर निळं आकाश, मध्ये मी. झाडांतून एखादी वाडी दिसे, कौलांतून धूर निघे, कोंबडा आरवे, आणि पुढच्या वळणावर ते सगळं नाहीसं होई. थोडं धावायचं, थोडं चालायचं, असं मी ठरवून घेतलं होतं. श्वास लयीत आला होता. शरद या वळणांवर सायकलवर उभा राहून पेडल मारत असेल, असं डोळ्यांसमोर येत होतं, त्याचे ते दाट केस कपाळावर आलेले. इतकं स्पष्ट दिसत होतं की रस्त्यावरची खडी दिसली नाही.

पाय घसरला आणि उजवा गुडघा मुरगळला. खाली बसले. बँडेज बांधलं, उभी राहिले, चार पावलं टाकली आणि पुन्हा कठड्यावर बसले. देऊळ वर दिसत होतं, भगवं निशाण दिसत होतं, आणि मधे बराच चढ उरला होता. रडू आलं. दुखण्यापेक्षा शरदचा भिंतीकडे वळलेला चेहरा आठवून आलं.

तेवढ्यात खालून वडाप (माणसं भरून चालणारी खाजगी जीप) आली. बाजाराहून वाड्यांवर परतणारी माणसं दाटीवाटीने बसली होती. मी हात केला. चालकाने जीप थांबवली, मला नीट बघितलं आणि मान हलवली.

"तुमाला घेता येणार नाय, ताई. तुम्ही नवसाच्या ना?"

"अहो, गुडघा मुरगळलाय माझा."

"मुरगळूदे. नवस अर्ध्यावर मोडायला मी नाय कारण व्हायचा. माझी गाडी रोज ह्याच घाटातून जाते. वाघजाई मला ओळखते."

मागून कोणीतरी म्हणालं, "ओळखते म्हणून तर ब्रेक लागत नाय तुझे." जीप हसली. चालक हसला नाही.

मी सगळं सांगून टाकलं. नवस नाही, बहिणीने उगाच सांगितलं, भाऊ आजारी आहे, शर्यतीचा सराव आहे. मग मागच्या बाकावरची एक म्हातारी पुढे वाकली. नऊवारी, मांडीवर बाजाराची पिशवी.

"भाव आजारी हाय?"

"हो, आजी."

"त्याच्यासाठीच चढत व्हतीस?"

"हो."

"मंग नवस नाय म्हणतेस त्यो कसा काय? सरका रे." ती पिशवी शेजारणीच्या मांडीवर ठेवून खाली उतरली. "बस माझ्या जागंवर. उरल्याला मी चालते."

"आजी, तुम्ही कशाला? तुमचा काय संबंध?"

"चाल मोडली नाय म्हंजे झालं. कोणीतरी चालाय पायजे. माझं गुडघं बरं हायत अजून." आणि चालकाला म्हणाली, "हिला देवळापाशी सोड. आता तुझ्या गाडीला काय व्हत नाय."

चालकाने मान डोलावली. त्याच्या दृष्टीने प्रश्न सुटला होता. म्हातारीचं नाव भागीबाई, हे मला जीपमधल्या बायकांनी सांगितलं.

देवळाच्या पायरीवर मी पाय लांब करून बसले. जीप निघून गेली. वारा, निशाणाची फडफड आणि खाली दरी. घाटाची वळणं एकाखाली एक दिसत होती. त्यांतल्या एकावर हिरव्या लुगड्याचा ठिपका दिसला. तो झाडांत शिरला, पुढच्या वळणावर निघाला, पुन्हा शिरला. मी आयुष्यात इतका वेळ काही न करता एका ठिपक्याकडे बघत बसलेले नव्हते. मधेच वाटे, तिथे मीच आहे. मधेच वाटे, शरद आहे. डोळे जड झाले, बहुधा लागलेही. जागी झाले तेव्हा भागीबाई पुढ्यात उभी होती, पदराने घाम पुसत.

तिने देवीसमोर हात जोडले. गाऱ्हाणं (देवाला घातलेलं साकडं) लांबलचक नव्हतं.

"आई, हिनं अर्धा चढला, मी अर्धा चढला. दोनी मिळून येक धर. हिच्या भावाला उठव." मग माझ्याकडे वळून, "व्हय म्हण."

"होय," मी म्हणाले.

"नाव काय त्याचा?"

"शरद."

"बरा झाला का घेऊन ये. नारळ त्यानंच फोडायचा. त्यो आपल्याला फोडून चालत नाय." एवढं बोलून ती पायवाटेने वाडीकडे उतरू लागली. मी भाड्याचे पैसे पुढे केले, तर "येडी हायस काय गो" म्हणाली. नलू डबा घेऊन पोचली तेव्हा मी एकटीच होते.

मुंबईला परतले ती थेट इस्पितळात गेले. शर्यतीला अजून अवकाश आहे, गुडघा तोवर बरा होईल आणि मी धावेन, हे माझं मी ठरवलं होतं. शरदला काय सांगायचं, ते प्रवासभर ठरलं नव्हतं. चढले, असं सांगणं सोपं होतं. पण कुणीतरी चाललेलं माझ्या नावावर घालायला जीभ वळेना.

"चढलीस?" त्याने विचारलं.

"निम्माच." मग सगळं सांगितलं. नलू, दूधवाला, जीप, भागीबाई, गाऱ्हाणं.

नर्स सुईचा ट्रे घेऊन आली आणि दाराशीच थांबली. तिसऱ्या फेरीचं विचारायला तिला सांगितलेलं असणार.

"म्हणजे माझ्या नावाने एक म्हातारी घाट चढली," तो म्हणाला, "आणि मला कुणी विचारलंही नाही."

"नाही विचारलं."

"नारळ मीच फोडायचा म्हणाली?"

"हो. दुसऱ्याने चालत नाही."

"जीपने गेलेलं चालेल, की पायीच जायला हवं?"

"तेवढं विचारायचं राहिलं."

"मग विचारून ये," शरद म्हणाला. त्याने बाही वर सरकवली आणि नर्सपुढे हात केला.