आश्रुबानं न लावलेलं अत्तर

येत्या मार्चअखेर मी निवृत्त होतोय. पाथरीच्या एका महाविद्यालयाच्या कार्यालयात चौतीस वर्षं गेली. बी.कॉम. झाल्यापासून कुठलंही काम आधी यादी करून करायचं ही सवय. निवृत्तीपूर्वी काय काय करायचं याचीही मी यादी केली होती आणि तीत सगळ्यात वर लिहिलं होतं : आश्रुबाला घेऊन एक दिवस परभणी. काम नाही, फक्त फिरायचं, खायचं, आवडेल ते घ्यायचं.

आश्रुबा आणि मी चौथीपर्यंत एका पट्टीवर बसायचो. पाचवीला मी पाथरीला आलो आणि तो बापाच्या मेंढरांमागं गेला, तो गेलाच. दरसाल दिवाळीनंतर गोदाकाठानं पार गंगाखेडच्या पुढं जायचा आणि पावसाच्या तोंडावर परतायचा. आता गुडघे बोलतात म्हणून गावाबाहेर माळावर पत्र्याचा आडोसा करून राहतो. परभणी त्यानं तीनदा पाहिलेली. दोनदा दवाखान्यासाठी, एकदा कोर्टाच्या तारखेसाठी.

दसऱ्यानंतरचा शनिवार ठरला. सकाळी त्याला घ्यायला माळावर गेलो, तर आभाळ भरलेलं आणि हा भुरीपाशी उभा. भुरी ही त्याची तरणी मेंढी, पहिल्यांदाच गाभण राहिलेली.

"आज न्हाई जमायचं, भागवत. बघ की, कळप सोडून बाजूला उभी राहायलीय."

"तूच म्हणालास ना, अजून चार-पाच दिवस हायेत?"

"तिला ठावं हाय का ते?"

त्याची बायको नर्मदाबाई आडोशातून म्हणाली, "घेऊन जावा हो भाऊजी यांना. एवढी वर्षं मी काय नुसत्या भाकरीच थापल्या? मी हाय की हितं."

तो निघाला खरा, पण पांदीच्या वळणापर्यंत त्यानं तीनदा मागं पाहिलं.

मानवतच्या पुढं पाऊस सुरू झाला. आश्रुबा बसची काच पटक्याच्या शेवानं सारखी पुसायचा. बाहेर सोयाबीनच्या गंजींवर ताडपत्र्या फडफडत होत्या.

"वारं कुणीकडं चाललंय रं?"

"परभणीकडं."

"खोटं बोलायलास. पाथरीकडं चाललंय."

परभणीत उतरलो तर रस्त्यावर पाणी. ऑटोनं गांधी पार्कला गेलो आणि भजी, चहा मागवला. भजी गरम होती, पण हा एक भजं हातात धरून दाराकडंच बघत बसलेला.

"फोन लाव की."

त्याचा फोन नर्मदाबाईकडं होता. लावला. लागला नाही.

"पुन्हा लाव."

"अरे, पावसानं रेंज गेली असंल. खा आधी."

मग कच्छी बाजार. नातीसाठी, अपेक्षासाठी, त्याला स्वेटर घ्यायचं होतं. दुकानदारानं पाच-सहा पुढं टाकली. आश्रुबानं एकेक चिमटीत चोळून पाहिलं.

"ह्यात लोकर कुठाय?"

"काका, शंभर टक्के लोकर."

"मग मेंढरू प्लास्टिकचं असंल." दुकानदारसुद्धा हसला. शेवटी तांबडं घेतलं, लोकर नसलेलंच. मी दोन पांढरे जाड टॉवेल घेतले. यादीत होते.

बोळाच्या तोंडाशी अत्तराचं छोटं दुकान होतं. परभणीला कॉलेजात असताना मी तिथं नुसता वास घ्यायला उभा राहायचो. विकत घ्यायची ऐपत आली तेव्हा सवड राहिली नाही. आता दुकानातल्या म्हाताऱ्या चाचांनी गुलाबाच्या अत्तराची काडी माझ्या मनगटावर फिरवली आणि आश्रुबाचा हात मागितला. त्यानं दोन्ही हात पाठीमागं नेले.

"लगाके तो देखो जी, पैसे नक्को."

"नको, चाचा. आमची जनावरं वासानं वळखत्यात. हातालाच लागलं तर झालंच."

"आज कुठं जनावरात जायचंय तुला?" मी म्हणालो. त्याचे हात पाठीमागंच राहिले. मी एक बाटली घेतली आणि टॉवेलच्या घडीत नीट गुंडाळून ठेवली, फुटायला नको म्हणून.

जेवायला बसलो. थाळी आली. दोन घासांत हा उठला.

"आश्रुबा, गोड यायचंय अजून!"

"तू खा. मी स्टँडवर हाय."

मला राग आला. वर्षानुवर्षं मनात धरलेला दिवस, आणि हा माणूस एका मेंढीपायी तो उभ्या उभ्या संपवत होता. पण त्याला एकट्याला सोडवेना. तीनची बस धरली. वाटेत तो पुन्हा काच पुसत होता. मी मनगटाचा वास घेत होतो.

माळावर पोचलो तेव्हा साडेपाच वाजले होते आणि पाऊस जोरात होता. एक पत्रा एका बाजूनं सुटून वाजत होता. नर्मदाबाई बिचकलेली मेंढरं काठीनं कोपऱ्यात आवरत होती. "आत्ताच झालंय!" ती ओरडली. भुरीच्या पुढ्यात चिखलात काळं, ओलं कोकरू पडलेलं. ती त्याला एकदा चाटायची, पत्रा वाजला की बुजून मागं सरायची.

आश्रुबा पिशवी टाकून पत्रा धरायला धावला. मी कोकराकडं पाहिलं. ते थरथरत होतं. माझ्या पिशवीतला नवा टॉवेल काढला, कोकरू उचललं आणि डोक्यापासून शेपटीपर्यंत कोरडं केलं. अगदी स्वच्छ. मग आईपुढं ठेवलं.

भुरीनं हुंगलं, पाय आपटला आणि टक्कर देऊन त्याला उडवलं.

आश्रुबा वळला. टॉवेल पाहिला, हुंगला. बाटलीचं बूच सैल होतं.

"भागवत," तो हळूच म्हणाला, "गुलाब लावलास व्हय रं त्याला?"

आईनं पाजलं नाही तर एवढंसं पोर गारठ्यात टिकणार नव्हतं, हे मलाही कळत होतं.

"तू तिकडं जाऊन उभा राह. वाऱ्याच्या खाली, तुझा वास हिकडं येणार न्हाई तसा. बाभळीपाशी."

मी पावसात बाभळीखाली जाऊन उभा राहिलो. तिथून दिसत होतं. नर्मदाबाईनं चुलीवरचं कोमट पाणी आणलं. दोघांनी कोकरू धुतलं. आश्रुबानं भुरीला गुडघ्यांत धरलं, तिचा पहिला चीक पिळून कोकराच्या पाठीवर, डोक्यावर, शेपटीखाली चोळला. वर मिठाची चिमूट. तिचं तोंड तिकडं वळवलं. तिनं मान फिरवली. पुन्हा चीक, पुन्हा मीठ. दुखऱ्या गुडघ्यांवर तो तसाच बसून होता आणि मेंढीच्या कानाशी काहीतरी पुटपुटत होता. कोकराचा आवाज बारीक होत चालला होता. मी मनगट बाभळीच्या ओल्या सालीवर घासत होतो.

अंधारून यायला लागलं तेव्हा भुरीनं मीठ चाटलं. मग मीठ नव्हतं तिथलं अंगही चाटलं. मग घशातल्या घशात घुमल्यासारखी हुंकारली. कोकराची शेपटी हलायला लागली, म्हणजे दूध लागलं होतं.

"प्यायलंय!" नर्मदाबाई ओरडली. "या हो भाऊजी, च्या टाकते."

मी दोन पावलं पुढं झालो.

"थांब!" आश्रुबानं हात वर केला. "हिचं पाजून होऊ दे. तुझा च्या तिकडंच येतोय."

चहा तिकडंच आला. आश्रुबा स्वतः घेऊन आला, लंगडत, आणि प्यायला माझ्याजवळ न थांबता तसाच माघारी गेला.