पुढच्या फळीतले काका

माझी धाकटी मावशी नांदगावची. नर्सिंग शिकून ती अमेरिकेला गेली आणि गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी तिच्या वॉर्डात आलेल्या एका फुटबॉल खेळाडूशी तिने लग्न केलं. आजोबांनी पुढे बरीच वर्षं तिचं नाव घेतलं नाही. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला ते गेले आणि आजी एकटी पडली. तेव्हा मावशी नवऱ्याला घेऊन कायमची परत आली, नाशिकला इंदिरानगरमध्ये छोटा बंगला घेतला आणि आजीला तिकडेच आणलं.

मी गंगापूर रोडला राहायचे, बँकेत नोकरी करायचे. रविवारी स्कूटीवरून त्यांच्याकडे जाणं ठरलेलं. काका दारात उभे राहिले की दार भरून जायचं. वय पन्नाशीचं, पण उठता-बसता टेबलाचा आधार लागायचा आणि उजव्या हाताची दोन बोटं बाहेरच्या बाजूला वाकडी झालेली. आजीसमोर मावशी त्यांना 'अहो' म्हणायची. ते आपलं इकडचं नाव आहे अशी त्यांची समजूत झाली आणि शेजारच्यांनाही त्यांनी तेच सांगितलं. गल्लीत सगळे त्यांना 'अहोकाका' म्हणू लागले.

त्यांचा फुटबॉल मला कळायचा नाही. तो पायाने खेळायचाच नसतो. लांबट चेंडू हातात धरून पळायचं असतं. काका पळणाऱ्यांतले नव्हते. ते पुढच्या फळीत वाकून, एक हात जमिनीला टेकवून उभे राहायचे आणि समोरून धावून येणाऱ्याला छातीने, डोक्याने अडवायचे.

"मग तुम्ही गोल किती केलेत?" मी एकदा विचारलं.

ते खूप हसले. "चेंडू एकदाच हातात आला, तोही चुकून. मी त्याच्यावर आडवा पडून राहिलो."

डोकं आपटलं की कानात घंटा वाजायची म्हणे. मग कोणीतरी बोटं दाखवून 'किती?' म्हणून विचारायचं, आणि उत्तर चुकलं तरी काका परत मैदानात जायचे.

"नाही म्हणायचं ना!"

"बाहेर दुसरा तयार उभा असायचा. मी नाही म्हटलं असतं तर माझी जागा त्याची."

गुडघा पार गेल्यावर ती जागा तशीही गेली. पुढे त्यांनी मोटारी विकल्या. हे सगळं ते एखादी गंमत सांगावी तसं सांगायचे आणि आम्हीही हसायचो.

चार-पाच वर्षं बरी गेली. मग काका एकच गोष्ट दोनदा सांगू लागले. एकदा भाजी आणायला गेले ते संध्याकाळपर्यंत परतलेच नाहीत. शेवटी पाथर्डी फाट्यावर सापडले, एका टपरीच्या बाकावर, मांडीवर मेथीची जुडी घेऊन. घर कुठे आहे ते टपरीवाल्याला सांगता येईना, म्हणून त्याने त्यांना नुसतं बसवून ठेवलं होतं. नंतर चिडचिड सुरू झाली. ताट ढकलायचे, दिवसभर पडदे ओढून अंधारात बसायचे. आजी त्या सुमारास वारली, तर स्मशानातून आल्यावर त्यांनी मावशीला विचारलं, "तुझी आई जेवली का?"

एका रविवारी मी तिथेच होते. गॅसवाला खांद्यावर सिलिंडर घेऊन आत आला. काका खुर्चीतून उठले, वाकले, एक हात फरशीवर टेकवला. काही पडलं असेल, ते शोधताहेत असं मला वाटलं. दुसऱ्याच क्षणी ते त्या माणसावर जाऊन आदळले. सिलिंडर घरंगळत गेला, माणूस भिंतीवर आपटला आणि काका त्याला दाबून धरून उभे राहिले. मावशीने ओरडून त्यांना मागे ओढलं, तेव्हा त्यांनी आमच्या तोंडाकडे पाहिलं. आपण काय केलं हे त्यांना कळत नव्हतं, पण काहीतरी वाईट केलंय एवढं कळलं होतं. ते रडायला लागले.

"काय नाय ताई, लय नाय लागलं," गॅसवाला म्हणाला. पण त्याचा हात लोंबत होता. आम्ही त्याला दवाखान्यात नेऊन प्लास्टर घालून आणलं.

त्यानंतर शेजारी यायचे थांबले. डॉक्टर म्हणाले, विसरण्याचा आजार आहे, वयाच्या मानाने लवकर आलाय. मावशीने ते ऐकलं, पण तिच्या मनाने वेगळंच धरलं होतं.

"त्यांचा माझ्यावर राग आहे," ती मला म्हणाली. "मी इथे आणलं ना त्यांना. भाषा नाही, मित्र नाही. कोण सुखी होईल?"

"तसं नाहीये, मावशी."

"तू बघतेस ना, कसे बघतात माझ्याकडे."

शेवटची दोन वर्षं ते तिला ओळखत नव्हते. तिने त्यांना भरवलं, आंघोळ घातली, कूस बदलली. एवढा मोठा देह आणि ती एवढीशी. न्यूमोनियात ते गेले. त्यांचा भाऊ अमेरिकेहून पोहोचू शकला नाही, म्हणून मावशीनेच अग्नी दिला.

काही वर्षांनी बँकेतल्या कॉम्प्युटरवर मला एक बातमी दिसली. काकांच्या खेळातल्या काही माणसांचे मेंदू मृत्यूनंतर तपासले, तेव्हा पुन्हा पुन्हा बसलेल्या धक्क्यांनी ते आतून खराब झालेले आढळले होते. विसरणं, संताप, अंधारात बसणं, सगळं त्यात होतं. मी ती बातमी छापून इंदिरानगरला नेली आणि मावशीला मराठीत समजावून सांगितली, जरी इंग्रजी तिला माझ्याहून चांगलं येत होतं.

"म्हणजे नाशिकमुळे नव्हतं?" तिने विचारलं.

"नाही गं."

"आणि माझ्यावरही राग नव्हता?"

मी नाही म्हटलं. तिने तो कागद हातात घेतला आणि स्वतः वाचला, अगदी सावकाश, नर्स पेशंटचे रिपोर्ट वाचते तसा.

"पण त्यांचं हेच होतं, हे कसं कळणार?" ती म्हणाली. "त्यासाठी मेंदू तपासायला लागतो. आपण तर त्यांना जाळलं."

बाहेर दूधवाल्याने बेल वाजवली. ती उठून पातेलं शोधायला गेली आणि बराच वेळ स्वयंपाकघरातून बाहेर आलीच नाही. शेवटी दूध मीच घेतलं.