चाकाखालचं लिंबू

थंडी पडली की समोरचे काका त्यांची जुनी व्हॅन आवरायला घेतात. मागची बाकं काढून त्यांनी स्वतःच फळ्या ठोकून दोघांपुरता बिछाना केलाय, कोपऱ्यात गॅसची शेगडी. किनाऱ्याकिनाऱ्यानं वेंगुर्ल्यापर्यंत जायचं, हा त्यांचा आणि काकूंचा दर हिवाळ्याचा नेम होता. दोन वर्षांपूर्वी काकूंचं डायलिसिस सुरू झालं, आठवड्यातून तीनदा. तेव्हापासून व्हॅन फाटकाबाहेर गेलेली नाही.

आज सकाळीही काका गाडीखाली आडवे होऊन पत्र्याला ऑइल फासत होते, खाऱ्या हवेनं गंजू नये म्हणून. आमच्या गावात कुठली आलीय खारी हवा! काकू पायरीवर शाल गुंडाळून बसल्या होत्या.

"अहो, चहाचं गाळणं घ्या हं. मागे तुमच्या रुमालानं गाळावा लागला होता."

"घेतलंय," गाडीखालून आवाज आला.

मला उगाचच दोघांचा राग आला. आशा असते म्हणून माणूस तयारी करतो, असं मी समजत होते. पण ती संपल्यावरही हातांना आपली कामं आठवत राहतात, आणि हे जास्त वाईट.

मग काकांनी पुढच्या चाकाखाली हात घातला. प्रवासाला निघताना चिरडावं म्हणून गेल्या हिवाळ्यात ठेवलेलं लिंबू तिथं तसंच होतं, सुपारीसारखं वाळून टणक झालेलं. त्यांनी ते कुंपणापलीकडे भिरकावलं, खिशातून ताजं लिंबू काढलं आणि त्याच जागी, चाकाला नीट टेकवून ठेवलं.