वोन्ट आणि वॉन्ट

हे आजवर माझ्या तोंडून निघालेलं नाही. बायकोलाही माहीत नाही. आणि विषय ऐकून तुम्ही हसाल कदाचित — एवढ्याशा एका इंग्रजी शब्दाचा आहे. मग इतकी वर्षं तो घशात का अडकून बसलाय?

भिंगारला माझा इंग्रजी संभाषणाचा क्लास आहे. दुकानांच्या वर एक खोली, फळा, बाकं. आजूबाजूच्या गावांतून लोक एसटीनं येतात. त्यांना लिहिता बरं येतं, पण बोलताना पुस्तक वाचल्यासारखं ‘आय डू नॉट’, ‘इट इज’ म्हणतात. म्हणून मी जोडशब्द घोकून घेतो. डू नॉटचं डोन्ट, इट इजचं इट्स, आणि विल नॉटचं —

इथंच अडतं माझं. विल नॉटचं होतं ‘वोन्ट’. डोन्टसारखंच. मी मात्र पहिल्यापासून ‘वॉन्ट’ शिकवत आलो. पण वॉन्ट म्हणजे हवं! म्हणजे ‘मी करणार नाही’ आणि ‘मला हवंय’ — माझ्या क्लासात दोन्हींचा उच्चार एकच.

गुन्हा तो नाही. चूक कुणाचीही होते. पण एका शनिवारी दुपारी मोबाईलवर एका बाईचं इंग्रजी बोलणं ऐकत होतो आणि दचकलो. मागे नेऊन पुन्हा ऐकलं. शब्दकोशात ऐकलं. वोन्ट. अगदी स्वच्छ. थोड्या वेळानं बॅच होती. फळ्यापुढे उभा राहिलो, खडू उचलला — आणि वॉन्टच म्हणालो.

का? एक वाक्य तर बोलायचं होतं. ‘माझं चुकत होतं, आजपासून असं म्हणा.’ संपलं असतं! पण दारावरच्या पाटीवर ‘अचूक उच्चार’ हे शब्द मीच रंगवून घेतले होते. वाटलं, नव्या बॅचपासून बदलू. गुपचूप. कळणार कुणाला?

त्या बॅचमध्ये सुवर्णा होती. काष्टीची. लग्न झालेली, पदरात लहान मुलगी. नगरच्या एका हॉटेलात रिसेप्शनची जागा निघाली होती, त्यासाठी तिची सगळी धडपड. नवरा टेम्पो चालवायचा, कधीकधी तिला घ्यायला यायचा. एकदा मला म्हणाला, ‘सर, भाकरी थापताना बी इंग्लिश बोलती ही. नोकरी लागली तर बिऱ्हाड नगरला हलवू. टेम्पो काय, कुठंबी चालंल.’

मुलाखतीत तिला विचारलं, मुलगी लहान आहे, मध्येच काम सोडून जाशील का? सुवर्णानं ताठ मानेनं उत्तर दिलं, ‘नो सर, आय वॉन्ट लीव्ह.’ तिला म्हणायचं होतं — नाही, मी सोडणार नाही. त्यांना ऐकू आलं — मला रजा हवी. समोरचे तिघंही हसले. एक जण म्हणाला, कामावर यायच्या आधीच रजा? पुढचं काही त्यांनी विचारलंच नाही.

पुढच्या शनिवारी ती आली आणि सगळ्यांसमोर उभी राहिली. ‘सर, तुमी शिकवलं तसंच बोलले मी. मग ते हसले का?’ आणि तिनं ते वाक्य जसंच्या तसं म्हणून दाखवलं.

मला त्याच क्षणी कळलं. सगळं कळलं. बाकांवरचे सगळे माझ्याकडे बघत होते. आणि मी काय बोललो असेन?

‘वाक्य बरोबर आहे. तू घाबरत बोलली असशील. तुझ्यात कॉन्फिडन्स कमी आहे, सुवर्णा.’

वर आणखी — हे सांगताना आजही स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते — मी तिला पुढं बोलावलं आणि तेच वाक्य मोठ्यानं म्हणायला लावलं. आवाज वाढवायला. तोच चुकीचा उच्चार, पुन्हा पुन्हा, तिचा आवाज फुटेपर्यंत. मग ती बाकावर जाऊन बसली. त्यानंतर ती क्लासला आली नाही.

पुढच्या बॅचला मी वोन्ट शिकवलं. कुणी काही विचारलं नाही. इतकं सोपं होतं ते! चीड येते ती याचीच.

गेल्या वर्षी एका कामासाठी काष्टीला गेलो होतो. बाजाराचा दिवस होता. भाजीच्या गर्दीतून हाक आली, ‘सर!’ सुवर्णा. शेजारी तिची मुलगी, आता तिच्या खांद्याला लागलेली. नवऱ्याचं, घरचं विचारलं मी. नगरला जाणं झालंच नाही, म्हणाली. तिनं नोकरीसाठी पुन्हा कुठं अर्जही केला नव्हता. मग ती मुलीला म्हणाली, ‘पाया पड. हे माझे इंग्लिशचे सर. लई जीव तोडून शिकवायचे. मलाच न्हाई जमलं.’

मुलगी वाकली. सुवर्णा हसत माझ्याकडे बघत होती. तेव्हा तरी सांगायचं. भर बाजारात, तिच्या मुलीदेखत सांगायचं.

मी म्हणालो, ‘असू दे. होतं असं.’

तिला माफ केल्यासारखं.